भावानं कापलेलं नाव

भाऊबीजेच्या दिवशी विमलताईनं सख्ख्या भावाचं डोकं फोडलं, ही गोष्ट घाटंजीकडे अजून सांगतात. पण अर्धीच सांगतात. बाई पिसाळली होती म्हणे! पिसाळेल नाही तर काय करेल?

बबनराव तिचा थोरला भाऊ. कचेरीत बाबू होता, रिटायर झाल्यावर व्हिटॅमिनच्या गोळ्या विकायला लागला. कापूस बुडाल्याची ती वर्षं. गावोगावी माणसं घाबरलेली, आणि घाबरलेल्या माणसाला काहीही विकता येतं. बोगस बियाणंवाले येऊन गेले, ताईतवाले येऊन गेले, त्यांच्यामागून हा. मोतीबिंदू आतल्या आत विरघळतो, चाकू लागत नाही, असं छातीठोक सांगायचा.

दोन वर्षांपूर्वी वेचणीच्या वेळी विमलताईला किडका, कवडी कापूस कोणता अन् चांगला कोणता, ते दिसेनासं झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ऑपरेशनची तारीख ठरली, तेवढ्यात भाऊबीज आली, आणि बबनरावनं ताटात साडीऐवजी गोळ्यांचे दोन डबे टाकले. आता भावाची ओवाळणी कोणी परत करतं का? ओवाळणी वाया घालवली तर भावाचं आयुष्य घटतं, असं तिची आई सांगून गेलेली. विमलताईनं ऑपरेशन सोडलं आणि देवाचं नाव घेऊन गोळ्या धरल्या. बबनराव गावभर सांगत सुटला, "माही सख्खी बहीण खाते, अजून काय पाह्यजे?" त्या एका वाक्यावर त्याचे डबे खपत होते.

या श्रावणात डावा डोळा ठणकायला लागला. लालभडक झाला, ओकाऱ्या सुरू झाल्या, बाई भिंतीवर डोकं आपटून घ्यायची. डॉक्टरनं सांगितलं, मोतीबिंदू पिकून पिकून आत पाझरला, डोळा कामातून गेला. "गोळ्या खाऊन मोतीबिंदू थांबतही नाही अन् विरघळतही नाही, बाई. उजव्याला उशीर कराल तर तोही जाईल."

सून दिपालीनं लगेच डोळ्यांच्या ऑपरेशनच्या शिबिरात तिचं नाव लिहिलं. पेशंटना न्यायला जीप येणार होती ती नेमकी भाऊबीजेच्या दुपारी.

बबनराव सकाळीच येऊन पाटावर बसला. डोळ्यांवर काळा चष्मा होता. विमलताईनं चाचपडत कुंकू लावलं, दिवा ओवाळला, आणि ताटात पुन्हा डबे वाजले.

"दादा, डावा डोया गेला ना रे माहा."

"डोस कमी पडला व. आता चार-चार घे. अन् त्या शिबिराच्या भानगडीत पडू नको. मी तुह्यं नाव कापून आलो."

"कापून आला? काहून?"

"काहून म्हंजे? तूच ऑपरेशनले गेली तं लोक मले जोड्यानं मारतीन!"

जोडे लांब राहिले. पितळी ताट दिव्यासकट त्याच्या कपाळावर बसलं. दुसरा फटका कानावर बसला. बबनराव उताणा पडला, तशी ती त्याच्या छातीवर चढली आणि जिथं तोंड अंधूक दिसत होतं तिथं मारत सुटली. "मुडद्या! माह्या डोयावर पोट भरतं! सख्ख्या बहिणीच्या डोयावर!" भुवई फाटली, रक्त पाटावर आलं. त्यानं तिला लाथ घातली. ती दाराच्या चौकटीवर आदळली, ओठ फाटला, आणि रक्त थुंकून पुन्हा त्याच्यावर आली. दिपाली ओरडत होती, पण मधे पडायची तिची हिंमत झाली नाही. या वेळी विमलताईच्या हातात गोळ्यांचा डबा होता.

"डोये सोड व माय!" बबनराव दोन्ही हातांनी तोंड झाकून किंचाळला. "डोयावर मारू नको! ऑपरेशन झालं हाये माहं!"

तिचा हात तसाच वर राहिला.

"कधी?"

"अडीच वर्षं झाले. नागपूरले."

म्हणजे पहिला डबा तिच्या ताटात पडला त्याच्याही आधी. विमलताईनं त्याचे हात ओढून बाजूला केले, बोटांनी डोळा चाचपला, आणि डब्याची कड तिथंच घातली. तिला बरं वाटलं. "खोटं कायले सांगू, लय बरं वाटलं," असं ती स्वतःच सांगते.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. दिपाली सासूचा हात धरून धावत निघाली, आणि मागून बबनराव डोळा दाबून ठेचकाळत आला. बोटांमधून रक्त गळत होतं.

"मले न्या! डोया जाऊन राह्यला माहा!"

जीप खच्चून भरलेली. ड्रायव्हर किसनसिंग गडबडला. "काकू, तुमचं नाव कापलं, तेवढीच एक जागा रिकामी हाये. अन् रगत तं याचं चाललं. कोणाले घेऊ?"

मग आतून एक बाई म्हणाली, "भाऊ हाये व तुहा."

भाऊच होता. लहानपणी खांद्यावर बसवून शाळेत न्यायचा. विमलताईला रडू फुटलं. रडता रडताच तिनं जीपचा दांडा हातानं शोधला, वर चढली आणि त्या जागेवर बसली.

"दिपाले, याले मागून येणाऱ्या एसटीनं घेऊन ये. मरू देजो नको." तिनं फाटका ओठ पदरानं पुसला. "पण माह्या आधी नाई. किसनसिंग, गाडी काढ."