दुर्गेशच्या भूमिकेत ओमप्रकाश

वर्षालीने स्वतःच्या आणि दुर्गेशच्या प्रेमावर शॉर्टफिल्म करायचं ठरवलं, तेव्हा ते प्रेम संपून वर्ष होत आलं होतं. ती हिंगणीची. नागपूरला चित्रकला शिकली आणि आता सेलूच्या एका स्टुडिओत लग्नांचे व्हिडिओ एडिट करायची. दुसऱ्यांच्या वरमाला कापून-जोडून कंटाळली, की ती मनात स्वतःची फिल्म जुळवत बसे. त्या फिल्ममध्ये गोष्ट नव्हती, गाणं नव्हतं. फक्त एक माणूस, त्याच्याकडे पाहणारा कॅमेरा, आणि कॅमेऱ्यामागून येणारा तिचा आवाज. तो माणूस म्हणजे दुर्गेश.

तिने गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, 'दुर्गेशच्या भूमिकेसाठी माणूस पाहिजे. रविवारी समाजमंदिरात यावे.'

रविवारी तिघं आले. एक जिममध्ये जाणारा निकेश. दुसरा ओमप्रकाश, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, पांढऱ्या मिशांचा. आणि तिसरा खुद्द दुर्गेश. तो बोरच्या जंगलात पर्यटकांची जिप्सी चालवायचा. सकाळची फेरी आटोपून तसाच धुळीने माखून आला होता.

"तू काऊन आला?" वर्षालीने विचारलं.

"गावात दुर्गेश मी एकटाच आहो. मले वाटलं, माह्यंच काम हाय."

वर्षाली गडबडली, पण आलेल्या माणसाची परीक्षा न घेणं तिला बरोबर वाटलं नाही. कॅमेऱ्यामागून तिने तिघांनाही एकच प्रश्न विचारला, "तुझं माझ्यावर प्रेम आहे का?"

निकेशने गॉगल काढला आणि म्हणाला, "जान से ज्यादा." दुर्गेश कानापर्यंत लाल झाला, बुटांकडे पाहत राहिला आणि शेवटी म्हणाला, "पाणी भेटन का?" ओमप्रकाशने मात्र बराच विचार केला. मग "आता काय सांगू तुले," असं म्हणून त्याने खिडकीकडे तोंड वळवलं. वर्षालीचे डोळे भरून आले. भूमिका ओमप्रकाशला मिळाली.

"अवं, पण ते माह्या बापाच्या वयाचे हायेत!" दुर्गेश म्हणाला.

"वयाचं जाऊ दे. तू दुर्गेशसारखा वाटूनच नाई राह्यला." ती टोमणा मारत नव्हती, अगदी मनापासून सांगत होती.

"मंग कसा होतो मी?"

"काकांकडे पाह्य."

दुर्गेशने पाहिलं. त्याला काही कळलं नाही. पण निघून जायलाही जमेना, म्हणून त्याने दुसरं काही काम आहे का, ते विचारलं. वर्षालीने त्याला ओमप्रकाशच्या जागी उभं राहायला सांगितलं. म्हणजे उजेड कसा पडतो, चौकट कशी दिसते, ते आधी तपासता येईल. अशा रीतीने दुर्गेश स्वतःच्या भूमिकेचा डमी झाला.

ओमप्रकाशने काम फार मनावर घेतलं. दुर्गेशचा जुना शर्ट मागून घेतला. तो कसा जेवतो, ते बघायला रोज त्याच्या घरी जेवायला जाऊ लागला. दुर्गेशची आई सुंदरा आधी डोक्यावर पदर घेऊन वाढायची. काही दिवसांनी ती त्यालाच बोलायला लागली.

"चांगली पोरगी होती. काऊन सोडली तुम्ही?"

"चुकलं बाई," ओमप्रकाश मान खाली घालून म्हणाला.

"आई, मी इथं बसलो आहो," शेजारच्या ताटावरून दुर्गेश म्हणाला.

"तू गप राह्य. वर्षभर विचारून राह्यली, एक शब्द नाई बोलला. भाऊ निदान चुकलं तरी म्हणतात."

तिकडे ओमप्रकाशची बायको कोकिळा वर्षालीच्या दारात येऊन उभी राहिली. तिला राग नव्हता, अडचण होती. "पोरी, ह्यायचं प्रेम केव्हा संपन? घरी दळण पडलं हाय. सांगितलं तर खिडकीकडं पाहतेत."

"शेवटचाच सीन राह्यला, काकू."

शेवटचा सीन बोर धरणाच्या भिंतीवर होता. तिथेच ते प्रेम संपलं होतं. वर्षाली दुर्गेशचं शूटिंग करत होती, आणि एकाएकी तो पाठ फिरवून निघून गेला होता. ना भांडण, ना शब्द. त्या पाठमोऱ्या चालण्यावरच तिची सगळी फिल्म उभी होती.

तिने खूण केली. ओमप्रकाश जागचा हलला नाही.

"काका, जा ना."

"काऊन जाऊ?"

"दुर्गेश गेलता म्हणून."

"तो गेला असन. पण मी आता दुर्गेश आहो, आणि मले जावं वाटून नाई राह्यलं. समोर एवढी चांगली पोरगी हाय. कारण सांग, मंग जातो."

वर्षालीकडे कारण नव्हतं. वर्षभर तिने पुष्कळ कारणं शोधली होती. त्याला दुसरी आवडली असेल, घरचे नाही म्हणाले असतील, आपण शिकलेल्या म्हणून तो बिचकला असेल. पण त्याला विचारलं कधीच नव्हतं. तिने मागे वळून पाहिलं. डमी झालेला दुर्गेश उजेड पाडायचा रिफ्लेक्टर धरून उन्हात उभा होता.

"दुर्गेश, तू काऊन गेलता?"

त्याने तोंड उघडलं. आता हा पाणी मागणार, असं तिला वाटलं.

"तू म्हटलं होतं, असाच उभा राह्य, हलू नको. मी राह्यलो. तू लेन्स बदलली, मंग बॅटरी बदलली. पाय लय दुखत होते वर्षाली. जरासा बसून येतो म्हटलं. आलो त तू निघून गेलती. फोन केला त तू उचलला नाई. मले वाटलं, हललो म्हणून तू रागावली."

"पाय दुखले म्हणून?"

"हाव."

वर्षालीला हसू फुटलं, आणि हसता हसता ती भिंतीवर बसून रडायला लागली. दुर्गेशला काय करावं कळेना. रिफ्लेक्टर खाली ठेवून तो तिच्याजवळ बसला. मग दोघं उठून पलीकडे पळसाच्या सावलीत गेले आणि बोलत राहिले. कॅमेरा बंद करायचं कोणालाच सुचलं नाही. ओमप्रकाश कॅमेऱ्यापुढे तसाच उभा होता. जायचं कारण त्याला पटलं नव्हतं, आणि जन्मभर एसटीत उभं राहून तिकिटं फाडल्यामुळे त्याचे पाय काही दुखत नव्हते. बॅटरी संपेपर्यंत तो उभा राहिला.

वर्षालीने बाकीचं सगळं काढून टाकलं आणि तेवढंच ठेवलं. समाजमंदिरात फिल्म दाखवली, तेव्हा अर्धं गाव मधेच उठून चहाला गेलं, परत आलं, तरी ओमप्रकाश तिथेच. कोणी म्हणालं, पडदा अडकला. कोकिळा मात्र पदर तोंडाला लावून पाहत होती. "मी बोलली त हा माणूस एवढा वेळ कधी थांबला नाई," ती शेजारणीला म्हणाली. घरी गेल्यावर ती नवऱ्याशी काय बोलली, ते कोणाला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी दोघांना बरोबर दळण घेऊन गिरणीवर जाताना मात्र लोकांनी पाहिलं.

पुढच्या सुट्टीला दुर्गेशने वर्षालीला जिप्सीतून जंगलात नेलं. कॅमेरा तिने घरीच ठेवला होता. वाघ काही दिसला नाही. एका वळणावर रानगवा रस्ता अडवून उभा होता, म्हणून दुर्गेशने इंजिन बंद केलं. गवा हलेना. वर्षालीने दुर्गेशला डब्यातली पोळी-भाजी दिली आणि विचारलं, "तुले खरंच काय आवडते, सांग बरं."

तो घास चावत विचार करायला लागला.