भोंग्याला कसली करमाफी?

मी ऑर्व्हिल टॅकेटचा ट्यूबा बोलतोय. बँडमध्ये मागे उभा राहून 'भों भों' करणारा तो गलेलठ्ठ पितळी भोंगा असतो ना, तोच मी. सध्या मुक्काम वेस्ट व्हर्जिनियात, टॅकेटांच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. माझं तोंड कायम वर, त्यामुळे घरची मांजर खुशाल माझ्यात झोपते.

कारखान्यातून निघालो तो थेट ऑर्व्हिलच्या हाती पडलो. तेव्हा तो अगदी तरणाताठा होता. मला घेऊन सैन्याच्या बँडात शिरला आणि केस पिकेपर्यंत तिथंच राहिला. संचलनं झाली, अंत्ययात्रा झाल्या. बंदूक त्याने शिकण्यापुरती धरली असेल तेवढीच. मग पेन्शन घेऊन तो गावी आला आणि मी कोपऱ्यात आलो.

यंदा घराचं छप्पर गळायला लागलं आणि त्यातच राज्याचा कर भरायची वेळ आली. ऑर्व्हिलने मला विकायला काढलं. गिऱ्हाईक शनिवारी येणार होतं. माझी तर पाचावर धारण बसली.

त्याची बायको व्हर्लीन भडकली. "सैन्याच्या पेन्शनवर आपल्या राज्यात कर माफ आहे. नुसतं मागायचं! दरवर्षी कानीकपाळी ओरडते मी."

"ती माफी लढलेल्यांची. मी नुसता भोंगा फुंकला."

"मग वीक त्याला. उद्या मलाही विकायला काढशील."

"तुला कोण घेणार?"

व्हर्लीनने मग ड्रीमा स्कॅग्जलाच जेवायला बोलावलं. ही ड्रीमा गावच्या वाचनालयात बसून लोकांचे कराचे कागद फुकट भरून देते. पूर्वी सैन्यात ट्रक चालवायची, तिथंच तिचा एक हात गेला. पेपरोनी रोल, म्हणजे आमच्याकडचा सॉसेज भरलेला पाव, खाता खाता तिने ऑर्व्हिलपुढे फॉर्म सरकवला.

"गोळी लागली होती का, असं कुठं विचारलंय यात? दाखवा बरं, टॅकेट."

ऑर्व्हिलने फॉर्म उलटसुलट करून पाहिला.

"मला विमानातून उतरवलं तेव्हा बदाबदा पाऊस पडत होता," ड्रीमा म्हणाली. "स्ट्रेचरवरून काही दिसत नव्हतं, पण बँड ऐकू येत होता. कुणीतरी जाडा भोंगा फुंकत होतं. तो ऐकला आणि मला पहिल्यांदा रडू आलं. वाटलं, आले बाई घरी. ते तुम्ही होता की दुसरं कुणी, मला ठाऊक नाही. पण त्या माणसाला माझ्यासमोर 'नुसता' म्हणायचं नाही."

ऑर्व्हिलने बराच वेळ चष्मा पुसला. मग पेन उचललं आणि माफीच्या रकान्यात आपली पेन्शन लिहिली. गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं, "विकायचा नाही." खरं सांगतो, इतका आनंद मला कारखान्यातून बाहेर पडतानाही झाला नव्हता.

मांजरीला हाकललं गेलं. माझ्या कळांना तेल मिळालं. परवा परदेशातून परतलेल्या सैनिकांची बस गावात येणार होती, स्वागताला बँड हवा होता आणि बाहेर पाऊस झोडपत होता.

"घरी बस. सर्दी होईल," व्हर्लीन म्हणाली.

"ड्यूटी आहे," म्हणत ऑर्व्हिलने मला उचललं.

माझ्या पोटात पाणी साचलं, आवाजही जरा घोगराच निघाला. बसमधून पहिली उतरलेली पोरगी पायरीवरच थबकली आणि ढसाढसा रडली. ऑर्व्हिलने डोळे मिटले आणि आणखी जोरात फुंकलं.

आता पुन्हा कोपऱ्यात वाळत उभा आहे. हक्काचं मागायला लाजू नका, एवढं मी मालकाकडून शिकलो. माझंही एक मागणं आहे. पुढची बस येईल तेव्हा मला हाक मारा. पावसाचं माझं मी बघतो.