चाळीस सेकंदांच्या रेघा

मी पाच भावंडांतला चौथा. आम्ही पाचही जण सिनेमाची रिळं. सिनेमा भुताचा होता, आणि खरं सांगायचं तर भिकार होता. भूत म्हणून जो उभा राहायचा, तो एरवी सेटवर खिळे ठोकायचा. त्याचे सुळे मेणाचे होते. दिव्यांखाली जरा जास्त वेळ थांबला की ते वितळून हनुवटीवर उतरायचे. तीन आठवड्यांत सगळं चित्रीकरण उरकलं होतं. थोरल्याच्या वाट्याला गाणं आलं, दुसऱ्याच्या वाट्याला बंद पडलेली मोटार, तिसऱ्याच्या वाट्याला किंकाळ्या, धाकट्याच्या वाट्याला भुताचा शेवट. माझ्या वाट्याला पाण्याची टाकी आली. माझी लाज तिथून सुरू होते.

टाकीतल्या गार पाण्यात उतरायला नायिकेने साफ नकार दिला. तिच्या मापाची दुसरी बाई सेटवर एकच होती, कपडेपटातली शिवणवाली. वय सव्वीस, घरी एक मुलगा. दिग्दर्शकाने तिला सांगितलं की फक्त पाठ दिसेल, भूत मागून ओढेल आणि डाव्या खांद्याची बाही त्याच्या हातात येईल, एवढंच. बाही तिने स्वतःच कच्च्या टाक्याने जोडली. बाकीचा झगा पक्का शिवला होता.

भुताने ओढलं तेव्हा बाही आलीच, पण पाठीची शिवणही वरपासून खालपर्यंत सुटली. ती दचकून वळली. दोन्ही हात छातीशी धरून ती कॅमेऱ्यामागच्या माणसांना काहीतरी सांगत होती. कोणी कॅमेरा थांबवला नाही. पुढे तिच्या ओठांवर दुसऱ्याच कुणा बाईची किंकाळी चिकटवली. असे चाळीस सेकंद. ते माझ्या अंगावर आहेत.

त्यानंतर दिग्दर्शक सगळ्यांदेखत म्हणाला की बाई, तुमची शिवण कच्ची निघाली. कपडेपटाच्या मुख्याने मान डोलावली. तो झगा पुन्हा तिच्या हाती लागला नाही. आठवड्याभरात तिने काम सोडलं.

सिनेमा चालला. टाकी आली की अंधारात शिट्ट्या वाजायच्या, खुर्च्या आपटायच्या, आणि ‘पुन्हा दाखव’ असा ओरडा व्हायचा. मग यंत्र चालवणारा मला थांबवायचा, उलटा फिरवायचा आणि पुन्हा सोडायचा. गावोगाव हेच. त्यामुळे माझं बाकीचं अंग बरं राहिलं, पण ते चाळीस सेकंद घासून घासून रेघांनी भरले. शेवटी शेवटी तर ती बाई रेघांमागे जेमतेम दिसायची. लोक यंत्रवाल्याला शिव्या द्यायचे. मला मात्र आतून बरं वाटायचं. इतक्या वर्षांनी का होईना, तिच्या अंगावर काहीतरी पडलं होतं.

मग आमचा जमाना संपला. एका गुदामात जिन्याखाली आम्ही पाचही जण पडून राहिलो. अंगाला आंबूस वास यायला लागला. तिथून आम्हाला एका लहानशा कंपनीने उचललं. जुने, स्वस्तातले भुताचे सिनेमे साफसूफ करून डिस्कवर आणायचे, असा त्यांचा धंदा. असले सिनेमे हौसेने जमवणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, हे मला तिथे कळलं.

साफसफाई करणारा एकच होता. वयाने तिशीच्या आतला, शाळा अर्धवट सुटलेला, बोलायला लाजरा. मालक त्याला थट्टेने डॉक्टर म्हणायचे. त्याने आधी आमची चित्रं संगणकात उतरवली आणि मग एकेक चौकट घेऊन बसला. कुठे धूळ, कुठे केस, कुठे बुरशी. रेघेच्या आजूबाजूचा रंग घेऊन तो रेघ भरून काढायचा. एका सेकंदाला चोवीस चौकटी. माझे ते चाळीस सेकंद म्हणजे नऊशे साठ. त्यावर तो तीन आठवडे बसला. मालक दारातून डोकावून म्हणायचे, “डॉक्टर, पेशंटची मिशीही कोरून द्या.” तो मान खाली घालून हसायचा.

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला ते चाळीस सेकंद अभिनय वाटले. इतका खरा अभिनय त्या सबंध सिनेमात दुसऱ्या कोणी केला नाही, असं तो म्हणायचा. एका जुन्या दिवेवाल्याकडून त्याला कळलं की टाकीतली बाई नायिका नव्हती. महिनाभर शोधून त्याने तिचा पत्ता काढला. तिला बोलावून चकाचक चित्र दाखवायचं, तिच्या आठवणी डिस्कवर घालायच्या, असं त्याने ठरवलं. दुसऱ्या कोणाला हे सुचलं नसतं. ज्याचं आयुष्य पुसण्यात जातं त्यालाच वाटतं की स्वच्छ दिसलं म्हणजे माणूस खूश होणार.

ती सकाळी आली. सत्तरीला टेकलेली, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. बरोबर सून होती. सासू-सुनेचं शिवणाचं दुकान होतं. सून बोलकी. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण आई सिनेमात होत्या हे आपल्याला परवा कळलं, असं तिने आल्या आल्या सांगून टाकलं. आई प्रत्येक शिवणीवर दोनदा टीप मारतात, गिऱ्हाईक जाडजूड झालं आणि कपडा उसवायची वेळ आली की आपली बोटं सोलून निघतात, हेही सांगितलं. म्हातारी नुसती हसली. सिनेमा तिने कधी पाहिलाच नव्हता, त्यामुळे शिवण सुटल्यानंतरचं त्यात ठेवलंय हे तिला माहीत नव्हतं. पाठ दिसणारा एखादा तुकडा असेल, एवढंच ती धरून आली होती.

डॉक्टरने चित्र लावलं. टाकी आली. पाण्यावरचा थेंबन् थेंब दिसत होता. भुताने ओढलं.

सून बोलता बोलता उठली आणि पडद्याला पाठ लावून, हात पसरून उभी राहिली. डॉक्टरला काही कळेना. त्याने दोघींच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि मग त्याला कळलं. चित्र बंद करायला त्याचा हात पुढे गेला.

“राहू दे,” म्हातारी म्हणाली. “बाजूला हो गं. मला बघू दे.”

“आई, कशाला?”

“बाजूला हो.”

सून सरकली. म्हातारीने चष्मा लावला. शिवण सुटते ती चौकट तिने थांबवायला सांगितली. खुर्ची पडद्याला लावली आणि सुईत दोरा ओवताना डोकं वाकवतात तसं वाकवून कितीतरी वेळ पाहत राहिली.

“टीप उसवली की दोरा लोंबतो,” ती सुनेला म्हणाली, दुकानात शिकवतात तशी. “कापड ओढलं जातं, चुण्या पडतात. इथे आहे का एक तरी चुणी? हे दोऱ्याचे तुकडे बघ, सगळे सारखे. दर चार टाक्यांना एक कापलाय. ब्लेडने.”

सून वाकून पडद्यावरचे दोरे बघू लागली.

“माझी शिवण कच्ची नव्हती,” ती म्हणाली. मग पुन्हा तेच म्हणाली, जरा हळू.

सुनेने तिचा हात धरला. नेमकं काय झालं होतं, हे म्हातारीने तुटक तुटक सांगितलं. बेचाळीस वर्षं ती प्रत्येक कपड्यावर दुसरी टीप का मारत आली, ते सुनेला त्या दिवशी कळलं. डॉक्टर कोपऱ्यात उभा होता. त्याची मान वर होत नव्हती. “मावशी, मी तो तुकडा कापून टाकतो,” एवढंच त्याला बोलता आलं.

“कापू नकोस. कापाकापी पुष्कळ झाली.” ती विचार करत होती. “तू हे पुसलंस म्हणून मला दिसलं. त्याचं मी वाईट मानत नाही. पण मला दिसलं तेवढं पुरे. आधी कसं होतं?”

त्याने जुनं चित्र लावलं. रेघाच रेघा. त्यांच्यामागे कोणीतरी हलत होतं.

“हेच ठेव,” ती म्हणाली. “आणि मालकांना कारण सांगू नकोस. सांगितलंस तर तेच ते वेष्टणावर छापतील.”

ती गेल्यावर त्याने तीन आठवड्यांचं काम संगणकातून कायमचं पुसलं आणि मालकांकडे गेला. आपल्या हातून चुकून गेलं, एवढंच म्हणाला. मालकांना राग येणं साहजिक होतं. लोक नेमके त्याच चाळीस सेकंदांसाठी डिस्क घेणार होते, आणि छपाईचा दिवस ठरलेला होता. असली चूक नवशिक्याही करत नाही, असं ते म्हणाले. पुन्हा बसून कर म्हणाले, तर तो म्हणाला, मला जमणार नाही. तो कधी नाही म्हणत नसे. मालक त्याच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, “ठीक आहे. पण कंपनीची बदनामी मी सोसणार नाही. तसं लिहून आत चिठ्ठी घालायची.”

ती चिठ्ठी त्यानेच लिहिली. प्रत्येक डिस्कच्या डबीत ती आहे: ‘चौथ्या रिळातील चाळीस सेकंदांची खराबी ही दुरुस्ती करणाऱ्याच्या कच्च्या कामामुळे राहिली आहे.’ खाली त्याची सही.

आता मी थंड खोलीतल्या कपाटात असतो. बाहेरची बोलणी कानावर येतात. बाकी सिनेमा आरशासारखा आणि तिथेच डॉक्टर पेंगले, असं लिहून लोक चेष्टा करतात. तो ते वाचतो आणि पुढच्या रिळावरची धूळ काढायला लागतो.

तुमच्या घरी असली एखादी डिस्क आली, तर कोणता सिनेमा म्हणून विचारू नका, मी सांगणार नाही. पण टाकी आली आणि चित्रावर रेघा दिसायला लागल्या, तर तक्रार करू नका. डोळे बारीक करून मागचं शोधू नका. चाळीस सेकंद खिडकीबाहेर बघा. मला ते त्या दिवशी करता आलं नाही. तुम्हाला येईल.