काना-मात्रा काकांचे भिंग

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. छोट्या बशीएवढी काच, तिच्याभोवती पितळेची कडा आणि धरायला काळ्या लाकडाची मूठ, एवढाच माझा पसारा. कडेपाशी माझा एक टवका उडाला आहे आणि मूठ थोडी हलते. तरीही माझे बरे चालले आहे. या वयात रोज कोणाच्या तरी हाती असणे हे काही थोडे सुख नव्हे.

माझा जन्म काचा घासण्याच्या एका लहानशा कारखान्यात झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने मला आधी जाड भुकटीवर घासले, मग बारीक भुकटीवर, आणि शेवटी ओल्या लोकरीवर. किती दिवस घासत होता कोण जाणे! शेवटी त्याने मला एका छापील कागदावर धरले, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "अक्षर वाकडं दिसत नाही. झालं." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

तिथून मी एका छापखान्यात आले. खिडकीपाशी उतरत्या मेजावर एक मुद्रितशोधक बसत, म्हणजे छापायच्या मजकुराची प्रुफे तपासणारे गृहस्थ. त्यांना सगळे काना-मात्रा काका म्हणत. कोणाचा काना राहिला, कोणाची वेलांटी उलटी पडली की काका ती हटकून पकडत. त्यांचे एक बोट लेखकाच्या मूळ प्रतीवर असे आणि दुसऱ्या हातात मी. नवीन माणूस शिकायला आला की ते पहिल्याच दिवशी सांगत, "आठवणीवर जायचं नाही. आठवण फार गोड बोलते आणि बिनदिक्कत थापा मारते. मूळ प्रत समोर ठेव, मगच मान हलव."

एकदा औषधाच्या बाटल्यांसाठी चिठ्ठ्या छापायच्या होत्या. मूळ प्रतीत 'दोन थेंब' होते आणि प्रुफात 'दोन चमचे' झाले होते. काकांनी मला दोनदा फिरवले, चूक धरली आणि यंत्र थांबवले. मालकांनी सगळ्यांदेखत त्यांची पाठ थोपटली. त्या दिवशी काकांनी मला आपल्या धुतलेल्या रुमालाने पुसले. माझीही पाठ थोपटली गेली असे मला वाटले.

पुढे छापखान्यात पडद्याचे संगणक आले. काका निवृत्त झाले आणि मला घरी घेऊन गेले. तिथे एका खणात गंजलेल्या टाचण्या, सुतळी आणि दात पडलेला कंगवा यांच्या शेजारी मी सात वर्षे पडून होते. अंधाराचे मला फार वाटले नाही. पण कोणाला आपली आठवणही येऊ नये, हे मात्र मनाला लागत असे.

मग काकांची नजर मंदावली. त्यांच्याकडे त्यांच्या आईचे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, होते. बारीक छपाईचे, पाने पिवळी पडलेली. एका सकाळी त्यांना त्यातली ओळ लागेना. त्यांनी खण उघडला, टाचण्या बाजूला सारल्या आणि म्हणाले, "अरे, तू इथे आहेस होय!" तेव्हापासून रोज चहानंतर एक अध्याय, असा आमचा नेम सुरू झाला.

घरात काका आणि त्यांची मुलगी अशी दोघेच. ती पुढच्या खोलीत कपडे शिवत असे. सगळी गल्ली तिला ताई म्हणे, म्हणून काकाही तिला ताईच म्हणत. ताईला लहानपणापासून फिट येत असे. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी ठरवून दिली होती. त्या गोळीच्या आधारावर चार वर्षे फिटने घरात पाऊल टाकले नव्हते.

कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या मावशींचा ताईवर फार जीव होता. त्या एके दिवशी धापा टाकतच आल्या. "ताई, आपल्या चर्चच्या मंडळीत पाहुणे उपदेशक आलेत. पाच दिवस सभा आहेत. काय त्यांचा आवाज, काय ते बोलणं! तू चलच. तुझं दुखणं कायमचं जाईल बघ."

ताई गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. येताना तिने एक रंगीत पत्रक आणले. त्यावर शास्त्रातली बारा वचने छापली होती आणि खाली ठळक अक्षरांत लिहिले होते, 'ज्याच्या घरात गोळी आहे, त्याच्या मनात शंका आहे.' ताईने ते शिवणयंत्राशेजारी भिंतीवर चिकटवले. काकांनी लांबून पाहिले. वचने आहेत म्हटल्यावर त्यांना बरेच वाटले. त्यांनी मला हाती घेतले नाही. ही त्यांची चूक होती, आणि पुढे ती त्यांनी कधी लपवली नाही.

सभा संपायला एक दिवस होता. दुपारी ताई एका झग्याला इस्त्री करत होती. अचानक तिचा हात ताठ झाला, डोळे फिरले आणि ती खाली कोसळली. इस्त्री तिच्या मनगटावरून घसरली. काका धावले. त्यांनी तिला कुशीवर वळवले, डोक्याखाली कापडांची घडी सरकवली आणि शेजाऱ्यांना हाक मारली. मी मेजावर होते. इतकी वर्षे मी बारीकसारीक गोष्टी मोठ्या करून दाखवल्या, पण त्या वेळी काकांच्या चेहऱ्यावरची भीती बघायला कोणालाच भिंग लागले नसते.

डॉक्टर येऊन गेले. मनगटाला पट्टी बांधली. ताई शुद्धीवर आली तेव्हा काकांनी हळूच विचारले, "गोळी घेतली होतीस ना?"

ताई रडू लागली. बटणांच्या डब्यात तळाशी गोळ्यांची पाकिटे होती. तीन दिवसांची एकही गोळी फोडलेली नव्हती.

"माझाच विश्वास कमी पडला, बाबा," ती म्हणाली. "ते म्हणाले होते, तिळाएवढीही शंका नको. माझ्या मनात असणार कुठेतरी."

काकांनी मला उचलले. त्यांना राग आला होता, हे मला त्यांच्या पकडीवरून कळले. पण ते तिच्यावर ओरडले नाहीत. त्यांनी भिंतीवरचे पत्रक सोडवले, आईचे शास्त्र उघडले आणि मला ताईच्या चांगल्या हातात दिले.

"मी सांगतो म्हणून काही मानू नकोस, आणि त्यांनी सांगितलं म्हणूनही नको. हे पत्रक म्हणजे प्रूफ. ही मूळ प्रत. आता तूच तपास."

ताई डोळे पुसून वाचू लागली. पहिलेच वचन एका कुष्ठरोग्याचे होते. तू मला बरे करू शकतोस, असे तो प्रभूला म्हणतो, एवढेच पत्रकावर होते. ताईने मला मूळ प्रतीवर धरले आणि ती थबकली.

"बाबा, इथे आधी 'इच्छा असली तर' असं आहे. हे शब्द पत्रकात नाहीत."

"खूण कर. पुढे."

बारापैकी सात वचने मधेच तोडलेली निघाली. कुठे पुढचे वाक्य गळाले होते, कुठे मागचे. मग काकांनी तिला शास्त्रातल्याच प्रेषित पौलाच्या एका पत्राचे शेवटचे पान काढून दिले. "हे कोणी फारसं वाचत नाही. शेवटी नुसते नमस्कार-चमत्कार असतात ना."

ताईने बोट ठेवून वाचले. पौलाने आपल्या एका सोबत्याला आजारी असल्यामुळे वाटेतल्या एका शहरात मागे ठेवले होते.

"म्हणजे तो बरा झाला नव्हता?"

"इथे नमस्कार आहेत, चमत्कार नाही," काका म्हणाले. "पौलाने प्रार्थना केली नसेल का? त्याचा विश्वास कमी होता म्हणायचं का? आणि थोडं वर बघ, त्याच्याजवळ कोण राहिलं होतं?"

"लूक."

"तो वैद्य होता. पौलाने वैद्याला घालवून दिलं नाही."

ताईने ते पान पुन्हा एकदा वाचले. मग उठली, पेलाभर पाणी आणले आणि गोळी घेतली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी पाहिला. आपल्या दुखण्याचा गुन्हा आपल्याच माथी मारलेला होता, तो कोणीतरी उतरवून ठेवावा, तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मला खिशात घालून पाळकांच्या, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंच्या, घरी गेले. ताईही हट्टाने सोबत आली. पाहुणे उपदेशक तिथेच नाश्ता करत होते. पाळक म्हणाले, "या काका, चहा घ्या."

"आधी हे बघा. भांडायला आलो नाही, प्रूफ तपासून आणलंय," असे म्हणून काकांनी खुणा केलेले पत्रक पुढे ठेवले.

उपदेशकांनी खिशातून जाड काचांचा चष्मा काढला, लावला आणि पत्रक वाचले. मग हसून म्हणाले, "काका, तुम्ही अक्षरं काय धरून बसलात? अक्षर महत्त्वाचं की विश्वास?"

"विश्वास कोणावर ठेवायचा, हे या अक्षरांतूनच कळलं ना आपल्याला?" काका म्हणाले. "मग त्यातले शब्द गाळायचा अधिकार तुम्हाला नाही आणि मलाही नाही."

"तुमच्या मुलीच्या मनात शंका होती, म्हणून तिला फिट आली."

काका काही बोलणार, तोच ताई पुढे झाली. "एक विचारू? आपल्याला हा चष्मा कधीपासून आहे?"

"लहानपणापासून. का?"

"प्रार्थना केली असेल ना आपण? तरी तो लागतोच ना?"

उपदेशकांचा हात नकळत चष्म्याकडे गेला. "डोळ्यांचं वेगळं असतं."

"वेगळं असतं, हे कुठे लिहिलंय?" ताईने काकांच्या खिशातून मला काढले आणि त्यांच्यापुढे धरले. "हे घ्या शोधायला."

त्यांनी मला हातही लावला नाही. चष्मा म्हणजे नात्याने माझा भाऊबंदच. त्याच्याकडे पाहून मला मोठे हसू येत होते; पण आम्हा काचांना हसता येत नाही. दुपारी उपदेशक आपले सामान घेऊन निघून गेले.

पाळकांनी ते पत्रक जवळ ओढले. मग म्हणाले, "चूक माझी आहे. हे पत्रक माझ्या मेजावर तीन आठवडे होतं. मी त्यावर चहाचा कप ठेवत होतो, काका. वाचलं नाही."

हे जसेच्या तसे ते रविवारी सगळ्या मंडळीपुढे बोलले. मग त्यांनी बाराही वचने मागच्यापुढच्या ओळींसह वाचून दाखवली. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला शास्त्र सांगते, तशी त्यांनी त्याच जागी केलीही. नंतर ते घरोघर जाऊन कोणी औषध सोडले आहे का, ते विचारून आले. रक्तदाबाची गोळी बेकरीवाल्या मावशींनी सोडली होती. त्यांनी ती परत सुरू केली, पण काकांवर मात्र रुसल्या. "एवढा मोठा माणूस, त्याला काना-मात्रा दाखवत बसले!" असे त्या येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत. आठ महिने त्यांनी आमच्या घराचा उंबरा चढला नाही.

नवव्या महिन्यात त्या एक गरम पाव घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, "काका, मोठ्या अक्षराचं शास्त्र मिळतं का हो? मला माझं मी वाचायचंय." काकांनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि वाचायला मला दिले.

आता ताई गोळीही घेते आणि बरे होण्यासाठी प्रार्थनाही करते. "देवाने बरं केलं, तर डॉक्टर तपासून सांगतीलच की," असे ती हसत म्हणते. दर रविवारी तिच्या शिवणाच्या खोलीत मुले जमतात आणि काका त्यांना शास्त्रातल्या गोष्टी सांगतात. मूळ पान उघडलेले असते आणि मी मुलांच्या हातांतून फिरत असते. खाऊने चिकटलेली बोटे माझ्यावर उमटतात. मला त्याचे काही वाटत नाही.

मागच्याच महिन्यातली गंमत सांगते. काका शौलाची, म्हणजे पुढे पौल झालेल्या माणसाची, गोष्ट रंगवून सांगत होते. "शौल घोड्यावर बसून दौडत निघाला, टबडक टबडक! एवढ्यात आकाशातून प्रकाश चमकला आणि शौल घोड्यावरून धाडकन खाली!" पाळकांची नात, आठ वर्षांची, समोरचे दोन दात पडलेली, मला पानावर सरकवत होती.

"काका, घोडा कुठेय?"

"असेल गं, खालच्या ओळीत बघ."

"नाहीये. नुसतं 'जमिनीवर पडला' आहे."

काकांनी मला घेतले. एकदा वाचले, दोनदा वाचले. ही गोष्ट त्या पुस्तकात आणखी दोन ठिकाणी येते, तीही पाने काढली. ताईने यंत्र थांबवले. आणि मग काका जे हसायला लागले, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतच राहिले.

"चाळीस वर्षं मी हा घोडा पोसला गं! चारापाणी, खरारा, सगळं माझं. शास्त्रात त्याचं शेपूटसुद्धा नाही!" मग त्या चिमुरडीच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "पुन्हा मी असं काही घुसडलं, तर तिथेच अडवायचं. लाजायचं नाही."

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. वापरून झाले की मला मऊ फडक्याने पुसा आणि खणात टाकून विसरू नका. आणि देवाच्या नावाने कोणी काही सांगितले, तर नम्रपणे विचारा, हे कुठे लिहिले आहे, त्याच्या आधी काय आहे आणि नंतर काय आहे. सांगणारा परका असो की जीव लावणारे काका असोत. खऱ्या माणसाला अशा विचारण्याचा राग येत नाही.

पुढच्या रविवारी काकांनी तीच गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी शौल घोड्याशिवाय निघाला. पाळकांच्या नातीने विचारले, "काका, चालून चालून तो दमला नाही का?"

काकांनी मला उचलले, पानावर धरले, सावकाश पाहिले आणि म्हणाले, "ते लिहिलेलं नाही, बाळ. मला माहीत नाही."