पंधरा वेळा मुखवटा

लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. ग्रीसने माखलेल्या अंधाऱ्या बोळकांडीत तो तासन्‌तास उभा राहायचा. पण प्लास्टिकच्या एका जाळीने त्याची पार गाळण उडवली.

त्याला लिम्फोमा, म्हणजे लसिकागाठींचा कॅन्सर होता. सहा वेळा केमो झाली, मानेतल्या गाठी बऱ्याच विरघळल्या. उरल्यासुरल्यांचा निकाल लावायला डॉक्टरांनी पंधरा वेळा रेडिएशन सांगितलं. किरण नेमके गाठींवर पडायचे, तर मान केसभरही हलता कामा नये. म्हणून गरम पाण्यात मऊ केलेलं जाळीदार प्लास्टिक चेहऱ्याखांद्यांवर दाबून त्याच्या मापाचा मुखवटा केला होता. पहिल्या दिवशी त्या मुखवट्याच्या कडा टेबलाला खटाखट अडकल्या, सगळे बाहेर गेले, जाड दार लागलं आणि त्याचा धीर सुटला. हात उंचावून तो जिवाच्या आकांताने हलवू लागला. मशीन चालवणाऱ्या बाई धावत आल्या.

बाहेर बाकावर ताई होती. आई गेल्यावर हिनेच त्याला वाढवलेलं.

"झालं एवढ्यात?"

"कसलं होतंय! पळून आलो."

ताई नेहमीसारखी फटकन बोलली नाही. "डॉक्टर आधीच म्हणाले होते, भीती वाटली तर गोळी देतो."

"लागली तर घेईन. आधी एकदा माझ्या पद्धतीने बघतो."

तो उठून तडक त्या बाईंकडे गेला. "मॅडम, उद्या अर्धा तास आधी येतो. दार उघडं ठेवून नुसता मुखवटा लावून बघू. आणि खरं सुरू झालं की माइकवरून किती उरलं ते सांगत राहा. लिफ्टमध्ये अडकलेल्यांशी मी तसाच बोलतो. गप्प राहिलो की माणसं दार बडवायला लागतात."

"मला गोड बोलता येत नाही हं," बाई हसल्या.

"आकडे येतात ना? बास झालं."

दुसऱ्या दिवशी तो आधी एक मिनिट टिकला. मग दोन. तिसऱ्या खेपेला पाच. घामाने अंगरखा चिंब झाला, पण "लावा दार," तो म्हणाला. बाई आकडे सांगत गेल्या आणि पहिला डोस पार पडला.

नवव्या डोसपर्यंत मानेची कातडी लालभडक झाली. पाण्याचा घोटसुद्धा घशात टोचायचा.

"आज राहू दे का रे?" ताईने विचारलं.

"सहा राहिलेत. खाडा करायचा नाही."

अकराव्या डोसच्या दिवशी बाई रजेवर होत्या आणि माइक बिघडलेला. दार लागलं, आत चिडीचूप. हात उंचावायला बोटं वळवळली. त्याने हात मांडीशी घट्ट दाबून धरला आणि मनातल्या मनात स्वतःच मोजायला सुरुवात केली. मध्येच आकडा चुकला, तेव्हा पुन्हा एकपासून. दार उघडलं तेव्हा तो दोनशे बारावर होता.

पंधरावा डोस संपला. तीन महिन्यांनी स्कॅन झाला. डॉक्टरांनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "गाठींचा मागमूस नाही. तपासण्या मात्र चुकवायच्या नाहीत."

जिना उतरता उतरताच त्याने ऑफिसला फोन लावला. "सोमवारपासून माझी ड्युटी लावा."

ताईने फोन हिसकावून घेतला. "पुढच्या सोमवारपासून," ती पलीकडच्या माणसाला म्हणाली. "आधी आठवडाभर मी याला जेवायला घालणार आहे."