भट्टीबाबा आणि कुंभारीण माशी

एकोणीसशे एकोणसाठ साली भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या कामगार कॅम्पात धूळ एवढी, की माणूस शिंकला तर वीट पडायची. अशा धुळीत पावर हाउस भागातल्या बाजारामागं अर्धा कॅम्प जमला होता. मधोमध भट्टीबाबा. हातात कुंभारीण माशीनं भिंतीवर बांधलेलं मातीचं इवलं मडकं.

"अळी आत गेली न? कुंभारणीनं मंतर गुणगुणला, अन् निघालं काय? कुंभारीण! तुमच्या पिलांटात दगड जाते, लोखंड निघते. मंग पोटातली पोरगी पोरगा होऊन कावून नाही निघणार?"

कारखान्यात खलाशी, म्हणजे अवजड सामान ओढणारा मजूर, असलेल्या शालिकरामाला हे लगेच पटलं. दगडाचं लोखंड होताना त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं! त्याच्या बायकोला, मथुरेला, तीन मुली, आता सातवा महिना. बाबाचा हुकूम सुटला: अन्न बंद, रोज पाच मडक्यांची माती पाण्यातून. कॅम्पातल्या भिंती खरवडल्या गेल्या. पंधरा दिवसांत मथुरा पांढरीफटक पडली आणि परसातल्या वांग्यांची अळ्यांनी चाळण केली.

दवाखान्यातल्या नर्स अंजनाबाई संतापल्या. "हिले जेवू घाल, शालिकराम!"

"बाई, जेवली अन् पोरगा परत पोरगी झाला तर?"

"बरं, मंग चार दिवस निदान पेज दे, अन् तमाशा पाह्य."

बाईंनी बाबानं नुकतंच आणलेलं बंद मडकं सगळ्यांसमोर फोडलं. आत वांग्यावरच्या हिरव्या अळ्या, सुन्न पडलेल्या. वर धाग्याला लोंबतं एक अंडं. अंडं आणि निम्म्या अळ्या एका बाटलीत, उरलेल्या दुसरीत. तोंडांना फडकी.

"बाबा, दुसरीवर मंतर मारा. पहिलीजवळ फिरकू नका."

बाबानं चार दिवस घसा फाडला. दुसरीतल्या अळ्या काळ्या पडून सडल्या. पहिलीत अंड्यातून निघालेलं पिल्लू मजेत अळ्या खात होतं.

"अळीची माशी होत नाही, शालिकराम. अळी म्हणजे तिच्या लेकराची शिदोरी. ती लेकरासाठी अन्न भरते, अन् तू लेकराच्या मायचंच अन्न तोडलं!"

शालिकरामाची मान खाली गेली. मथुरा खाटेवर उठून बसली. "पोरगी असो का पोरगा, मले पयले भात वाढा."

बाबा "मंतर ताजा करून येतो" म्हणत कुम्हारी गावाच्या बसमध्ये चढला. तीन आठवड्यांनी पहिल्या बाटलीतून कुंभारीण उडाली, मंत्राविना.

तेव्हा मंडळी, भिंतीवरची मडकी खरवडू नका. नळाजवळ तिच्यासाठी थोडी ओली माती असू द्या, वांग्यांवर विषारी पावडर उडवू नका. कुंभारीण अळ्या फुकट उचलते. पटत नसेल तर माझ्यावरही विश्वास ठेवू नका. एक बाटली घ्या, फडकं बांधा, आणि स्वतः पाहत बसा.