सूर्योदयाच्या अंगाची साल

मी काळी चेरी बोलतेय. जन्माचं काय सांगू? एक रॉबिन पाखरू माझं बी अमेरिकेतल्या या अ‍ॅपलाचियाच्या डोंगरउतारावर टाकून उडून गेलं. जाग आली तेव्हा भोवती धुकं होतं. अजूनही सकाळी वाटतं, आपण झोपेतच उभ्या आहोत.

इथली माणसं खोकल्यावर माझी साल देतात. त्याची रीत आहे. साल पानगळीत काढायची, तीही सूर्योदयाच्या अंगाची, आणि गार पाण्यात भिजवायची. उकळली की गुण गेला. ती बेतानेच घ्यावी, फार झाली तर बाधते. आणि माझी कोमेजलेली पानं खाऊन तर चांगली धडधाकट गाय आडवी होते. औषध नि विष एकाच घरात नांदतं, त्याला मी काय करू?

शेजारच्या हॉबर्टने तीस वर्षं खाणीत कोळसा खणला. गेल्या पानगळीत त्याला खोकला लागला. सूर्योदयाकडची साल संपली, मग दक्षिणेची, मग मावळतीची. खोकला हटेना आणि हा गडी ऐकेना. हिवाळा सरत आला तेव्हा उत्तरेला वीतभर पट्टी उरली होती. ती गेली की मुळांची नि फांद्यांची ताटातूट, मग मी संपलेच. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

तो चाकू घेऊन आला, तशी त्याची लेक नेल आडवी आली. ती विद्यापीठात माझ्याच सालीवर संशोधन करते.

"बाबा, घसा निवतो हिने, मान्य. पण काचेच्या बशीतल्या पेशींवर गुण दिसला म्हणजे माणसावर सिद्ध झालं असं नाही. माणसांवर धड प्रयोगच झालेले नाहीत. आणि तुझ्या छातीत कोळसा बसलाय."

"चार बुकं शिकलीस, आता झाडालाही खोटं पाड."

मागून त्याची बायको व्हर्डी आली. जन्मभर साल भिजवली ती हिनेच. तिने त्याच्या हातातला चाकू काढून घेतला.

"हॉबर्ट, या झाडाने होतं नव्हतं ते दिलं तुला. आता गाडीत बस, दवाखान्यात जाऊ."

तो बसला.

आता वसंत आहे. फुलं थोडी आली, पण आली. हॉबर्ट नाकात प्राणवायूची नळी लावून माझ्या बुंध्याला येऊन टेकतो. छाती पुरती बरी व्हायची नाही, पण श्वासाला आधार मिळालाय. तो उरलेल्या पट्टीवर तळवा ठेवतो.

"तुझंही वीतभरच उरलंय ना गं?"

हो रे बाबा. पण तेवढ्यावरही पालवी फुटते. तेव्हा लेकरांनो, घसा खवखवला तर खुशाल या माझ्याकडे. दुखणं त्याहून जड असेल, तर माझ्या सावलीत घटकाभर दम खा, आणि मग उठून डॉक्टरकडे जा.